यादीतले नवे नाव

खेळाचे पान उघडणारे वाचक दोन प्रकारचे असतात. बहुतेकांची दृष्टी प्रथम निकालावर जाते. कोण जिंकले, कोणी शतक काढले, कोणी किती गोल केले, एवढे कळले की त्यांचे समाधान होते. दुसऱ्या प्रकारचे वाचक संख्येने थोडे. सामना अजून दोन दिवसांवर असतो, नाणेफेकही व्हायची असते, आणि हे वाचक निवडलेल्या संघाची यादी ओळीवर बोट ठेवून वाचत असतात. पंधरा नावे, त्यांतली चौदा-पंधरा ओळखीची. मग प्रश्न एकच : ‘नवा कोण?’ आणि पुष्कळदा उत्तरही एकच : ‘कोणी नाही.’

आमच्या वास्कोत या दुसऱ्या प्रकारच्या रसिकांना तोटा नाही. हे बंदराचे गाव. बोटी, मालगाड्या आणि माणसे यांची ये-जा येथे रात्रंदिवस चाललेली. ज्या गावात रोज नवे चेहरे उतरतात, त्या गावातल्या माणसांनी संघाच्या यादीत एखादे नवे नाव शोधीत बसावे आणि ते वर्षानुवर्षे सापडू नये, ही मोठी गंमत आहे. संध्याकाळी चहाच्या दुकानातून यांची बैठक जमते. एखाद्याच्या खिशात लहानशी वहीही असते. तीत धावांची वा बळींची टिपणे नसतात. अमुक साली अमुक खेळाडू संघात प्रथम आला, एवढीच नोंद. काही पानांवर सालामागून साले लिहिलेली दिसतात आणि त्यांच्यापुढची जागा कोरीच असते. त्या कोऱ्या जागेविषयी या महिन्यात चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे.

हा छंद केवळ आमच्याच मुलखातला आहे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत बेसबॉल हा घराघरांतला खेळ. तेथे मोठ्या संघाच्या चालू यादीत २०२० पासून २६ खेळाडू असतात, आणि त्या यादीत कोण आला, कोण गेला याचा हिशेब ठेवणे हा तेथील रसिकांचा आवडता उद्योग आहे. बोस्टन शहराचा ‘रेड सॉक्स’ नावाचा संघ आहे. मैदानाच्या डाव्या अंगाला दूरवर उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाची त्या संघातली जागा पाहा. १९३९ मध्ये त्या संघात टेड विल्यम्स आले आणि लष्करी सेवेची वर्षे सोडली तर १९६० पर्यंत राहिले. १९६१ मध्ये कार्ल यास्त्रेम्स्की आले. पुढे १९७० नंतरच्या दशकात जिम राइस आले आणि १९८० नंतरचीही बरीच वर्षे टिकले. जवळजवळ अर्धे शतक गेले, आणि त्या जागेची मुख्य नावे तीनच! तिघांनाही पुढे त्या खेळाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. बोस्टनमधला एखादा गृहस्थ लहानपणी वडिलांचे बोट धरून मैदानावर गेला असेल आणि नातवाला घेऊन गेला असेल, तरी त्या कोपऱ्यात त्याने नवा माणूस आलेला दोनदाच पाहिला असेल.

आता आपल्याकडे वळू. भारतीय पुरुषांचा क्रिकेट संघ पहिला कसोटी सामना खेळला १९३२ साली, लॉर्ड्‌सच्या मैदानावर. तेव्हापासून जो जो खेळाडू कसोटी खेळला, त्याला एक क्रमांक मिळालेला आहे. हल्ली तो क्रमांक त्याच्या टोपीवरही असतो, आणि पदार्पणाच्या सकाळी एखादा जुना खेळाडू ती टोपी नवोदिताच्या हाती देतो. नव्वदाहून अधिक वर्षांत हा क्रमांक सुमारे सव्वातीनशेच्या घरात पोचला आहे. म्हणजे वर्षाकाठी सरासरीने तीन-साडेतीन नवी नावे. एवढ्या अफाट देशात, गल्लीगल्लीत फळी आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या मुलांतून, वर्षाला तीन-साडेतीन! आमच्या रसिकांच्या वहीतली पाने कोरी राहतात, त्यात नवल ते काय?

या सव्वातीनशे नावांत गोव्यात जन्मलेले किती, हा वास्कोतल्या बैठकीचा पुढचा प्रश्न असतो. उत्तर आहे : एक. दिलीप सरदेसाई. त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४० चा, मडगावचा. क्रिकेटसाठी आणि शिक्षणासाठी ते मुंबईस गेले, मुंबईकडून खेळले, आणि १ डिसेंबर १९६१ रोजी कानपूरला इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले. तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी मडगाव अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला. जन्मभूमी भारतात येण्यापूर्वी अठरा दिवस तिचा मुलगा भारताच्या संघात जाऊन बसला होता! पुढे १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा केल्या आणि किंग्स्टनला पहिल्याच कसोटीत २१२. त्या मालिकेने भारतीय क्रिकेटची मान उंचावली, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. तीस कसोटी सामन्यांत २००१ धावा करून ते थांबले. २ जुलै २००७ रोजी त्यांचे निधन झाले. वहीत त्यांच्या नावाखालची जागा मात्र अजून कोरी आहे.

महिलांच्या संघात थोडा उजेड पडला. शिखा पांडे यांचा जन्म गोव्याबाहेरचा, पण त्या वाढल्या गोव्यात आणि खेळल्या गोव्याकडून. वायुदलातील या अधिकारी वेगवान गोलंदाज २०१४ मध्ये भारतीय संघात आल्या आणि २०१७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही खेळल्या. काही वह्यांत त्यांचे नाव सरदेसाईंच्या खालीच लिहिलेले आम्ही पाहिले आहे. स्त्री-पुरुष संघांची सरमिसळ झाली म्हणून कोणी हिशेबनीस नाराज होईल; आम्हांला ती सरमिसळ आवडली.

यादी इतकी सावकाश का वाढते? याची दोन कारणे आहेत, आणि ती वेगवेगळी ओळखता आली नाहीत तर रसिकाची चिडचिड व्यर्थ जाते.

पहिले कारण असे की जागा भरलेली असते, आणि ती योग्य माणसाने भरलेली असते. मुंबईचे पद्माकर शिवलकर हे याचे हृदयाला चटका लावणारे उदाहरण. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी एका डावात अवघ्या १६ धावांत ८ फलंदाज बाद केले. इतके होऊनही ते कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. हरयाणाचे राजिंदर गोयल हेही डावखुरे फिरकी गोलंदाज. रणजी स्पर्धेत ६३७ बळी. तो विक्रम आजही त्यांच्याच नावे आहे. १९७४ मध्ये बंगळूरच्या कसोटीसाठी ते निवडलेल्या बारांत होते. सामन्याच्या सकाळी अकरांची नावे ठरली, तेव्हा त्यांत ते नव्हते. पुढे पुन्हा संधी आली नाही. कारण काय? त्या काळी त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते, ६७ कसोटींत २६६ बळी घेणारे. बेदींना घेतले म्हणून निवड करणाऱ्यांना दोष कोण देईल? आणि शिवलकर-गोयल यांना वगळले म्हणून हळहळ कोणाला वाटणार नाही? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी गेले. बातमी आली तेव्हा वास्कोतल्या बैठकीत ज्यांनी त्यांचा एकही सामना पाहिला नव्हता, अशी मंडळीही गप्प झाली. यादीत नसलेल्या नावासाठी माणसे हळहळली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

याच जातीचे दुसरे नाव अमोल मुजुमदार यांचे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली, ती गोष्ट घरोघर माहीत आहे. त्या वेळी पायांना पॅड बांधून पुढच्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा म्हणजे मुजुमदार. पाळी आलीच नाही. मोठेपणी रणजी पदार्पणातच त्यांनी २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा केल्या. पण भारतीय संघाच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असताना त्यांना जागा मिळाली नाही. त्या कथेला पुढे वेगळे वळण लागले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक मुजुमदार होते. ज्याला स्वतःला दार उघडले नाही, त्याने दुसऱ्यांसाठी दार धरून ठेवले!

गुणवंतांनी भरलेले दार हे असे असते. तेथे वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला दुःख येते, पण अपमान येत नाही. दुसरे कारण याहून कठीण आहे. कित्येक ठिकाणी दारापर्यंत जाणारी पायरीच नसते. तेथे यादी कोरी राहते ती माणसे योग्य नव्हती म्हणून नव्हे; ती कोणाच्या नजरेसच पडली नाहीत म्हणून.

गोव्याचा स्वतःचा रणजी संघ मैदानात उतरला तो १९८५-८६ मध्ये. मुक्तीनंतरची चोवीस वर्षे गेली होती. त्या काळात आमच्या मुलखात फलंदाज जन्मलेच नसतील, असे थोडेच आहे? पण ज्याला मुंबईस जाऊन राहणे परवडले, तो सरदेसाईंच्या वाटेने गेला असता. ज्याला परवडले नाही, तो कारकून झाला, शिक्षक झाला, बंदरावर कामाला लागला आणि रविवारी शेतात खेळला. पायरी बांधली गेल्यावर नावे दिसू लागली. स्वप्नील अस्नोडकर २००८ मध्ये राजस्थानच्या संघातून आयपीएल खेळले, नऊ सामन्यांत ३११ धावा केल्या, आणि तो संघ त्या पहिल्याच वर्षी विजेता ठरला.

आणि शदाब जकाती! हे नाव उच्चारताना वास्कोकरांचा आवाज थोडा चढतो, कारण त्यांचा जन्म या गावातला, १९८० सालचा. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. गोव्याकडून दहा-एक वर्षे खेळल्यावर २००९ मध्ये त्यांना चेन्नईच्या संघाने घेतले. आता, आयपीएलमधील संघांत चेन्नईचा संघ जुनी माणसे न सोडण्याबद्दल प्रसिद्ध. दरवर्षी बाजार भरतो, खेळाडूंचे भाव होतात, संघांचे चेहरे पालटतात. चेन्नईची मुख्य मंडळी मात्र तीच ती. अशा बंद घरात वास्कोचा मुलगा शिरला, टिकला, आणि २०१० व २०११ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे संघाबरोबर घेऊन आला. भारतीय संघाचे दार त्यांना उघडले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा प्रथम श्रेणीत त्यांचे २७५ बळी होते. आमच्या गावातल्या वहीत हे नाव कोठे लिहावे, यावर एकदा वाद झाला. भारतीय संघाच्या पानावर ते बसत नाही, आणि सोडून द्यावे तर मन होत नाही. शेवटी कोणी तरी वेगळे पान काढले. त्या पानाला मथळा नाही. आमच्या मते वहीतले ते सर्वांत चांगले पान आहे.

फुटबॉलचा विषय टाळून वास्कोविषयी लिहिणे म्हणजे समुद्र वगळून बंदराचे वर्णन करणे होय. येथील साळगावकर क्लब १९५६ चा. टिळक मैदानाने त्याचे कित्येक सामने पाहिले. ज्यांच्या आडनावातच आमच्या मुरगाव तालुक्यातले सांकवाळ गाव वसले आहे, ते ब्रह्मानंद शंखवाळकर दीड दशकाहून अधिक काळ साळगावकरच्या गोलात उभे होते. भारताचे ते कर्णधार झाले. १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांच्या काळात त्या क्लबाचे राखीव गोलरक्षक कोण होते, हे किती जणांना आठवते? तेही बोस्टनच्या डाव्या कोपऱ्यासारखेच झाले. पण साळगावकरची खालच्या वयाची मुले, स्थानिक स्पर्धा, शाळांचे सामने अशा पायऱ्या होत्या, आणि एकाची जागा भरलेली असली तरी दुसऱ्याला दुसऱ्या क्लबात वाव होता. १९९८-९९ मध्ये साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली. असे करणारा तो गोव्याचा पहिला क्लब. पुढे २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचे विजेतेपद गोव्याच्या धेंपो, चर्चिल आणि साळगावकर या तीन क्लबांतच फिरत राहिले.

मग २०१६ साल आले. राष्ट्रीय स्पर्धेच्या नव्या रचनेला विरोध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांच्या निर्णयाची चर्चा येथे करावयाची नाही. आम्हांला दिसली ती एवढीच गोष्ट : तीन संघ गेले म्हणजे तीन याद्या गेल्या. प्रत्येक यादीत पंचवीस-तीस नावे धरली तरी किती मुलांची पुढची पायरी नाहीशी झाली, हे वाचकांनीच मोजावे. एफसी गोवा हा २०१४ पासूनचा संघ आहे. मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस यांसारखे गोंयकार त्यातून देशभर गाजले. पण एका संघाच्या यादीत किती मावणार? २०२०-२१ आणि २०२१-२२ या साथीच्या हंगामांत देशातील सर्वोच्च लीगचे सामने आमच्याच टिळक मैदानावरही झाले, तेही प्रेक्षकांवाचून. दिवे लागलेले, मैदान हिरवेगार, आणि कठड्याबाहेर उभी असलेली गावची पोरे. नियम साथीचा होता, त्याला इलाज नव्हता. ते चित्र मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

येथे एक वाद हटकून निघतो : बाहेरच्यांना घ्यावे की नाही? राज्यसंघाला ठरावीक संख्येत बाहेरचे खेळाडू घेता येतात, आणि गोव्याने ते वेळोवेळी घेतले आहेत. बाहेरचा एक आला की घरचा एक बाहेर राहतो, हे गणित सरळ आहे, आणि ज्याचा मुलगा बाहेर राहिला त्याला ते बोचणारच. स्पेनमध्ये बिल्बाओ शहराचा अ‍ॅथलेटिक हा फुटबॉल संघ आपल्या बास्क मुलखाशी नाते असलेल्या खेळाडूंनाच घेतो, आणि १९२९ पासून तो देशाच्या पहिल्या वर्गातून एकदाही खाली उतरलेला नाही. हे उदाहरण आमचे रसिक अभिमानाने सांगतात. त्यामागे खालच्या वयाच्या मुलांवर पिढ्यान्‌पिढ्या घेतलेली मेहनत आहे, हे सांगायचे मात्र विसरतात.

दुसरी बाजूही पाहावी. मुंबईच्या संघात वाव मिळेना म्हणून अर्जुन तेंडुलकर गोव्याकडे आले. डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध त्यांनी रणजी पदार्पणात शतक केले. त्याच डावात दुसऱ्या टोकाला गोव्याचे सुयश प्रभुदेसाई होते. त्यांनी द्विशतक केले. पाहुणा आणि घरचा यांनी मिळून दोनशेंहून अधिक धावांची भागी केली. धावफलकावर कोणत्या धावा पाहुण्याच्या आणि कोणत्या घरच्याच्या, हे वेगळे लिहिलेले नव्हते.

आमच्या या मासिकाचे वाचक ज्या ज्या गावी नांदतात, त्यांपैकी बडोद्याची एक गोष्ट येथे आठवते. विजय हजारे सांगलीचे. बडोद्याच्या आश्रयाला गेले, बडोद्याकडून खेळले. मार्च १९४७ मध्ये इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. रणजीतला तो विक्रम जवळजवळ सत्तर वर्षे टिकला. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी ५९४ धावांची अभंग भागी करून तो मोडला. आणि तोही मोडला कोणी? नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ६०६ धावांची अभंग भागी केली. एकाच्या नाबाद ३००, दुसऱ्याच्या नाबाद ३१४. प्रतिस्पर्धी दुबळा होता आणि सामना खालच्या गटातला होता, हे खरे. तरी विक्रमांच्या यादीत सांगलीहून बडोद्यास गेलेल्या माणसाच्या मागून आमच्या मुलखातली दोन नावे येऊन बसली, याचा आनंद कमी कसा व्हावा? हजारे बडोद्यास गेले तेव्हा तेथेही कोणाची तरी जागा गेली असेल. पण भारताने पहिला कसोटी विजय १९५२ मध्ये मद्रासला मिळविला तो हजारे यांच्या नेतृत्वाखाली, आणि २००४ मध्ये त्यांनी देह ठेवला तो बडोद्यात. त्यांना पाहुणे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या कुटुंबांचीही कथा याहून निराळी नाही. आपले पणजोबा कोणाच्या तरी दरबारात, रेल्वेत, पलटणीत किंवा पेढीवर ‘यादीतले नवे नाव’ म्हणूनच गेले होते. कोणी तरी सरकून जागा दिली म्हणून आपण तेथले झालो. आज मात्र आपल्या गावोगावच्या मंडळांची, ग्रंथालयांची, गणेशोत्सवांची कार्यकारिणी पाहावी. अध्यक्ष तेच, चिटणीस तेच, हिशेब तपासणारेही तेच. नवे नाव शेवटचे कधी आले, असे विचारले तर वही शोधावी लागेल. ‘तरुण मंडळी येतच नाहीत’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती काही अंशी खरीही असेल. पण जुनी मंडळी बेदींसारखी असल्यामुळे जागा भरलेली आहे, की तरुणांना वर चढायला पायरीच ठेवलेली नाही, हा प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

या बाबतीत वास्कोचा एक जुना रिवाज आम्हांला शिकवण देतो. श्रावणात येथे श्री दामोदराचा भजनी सप्ताह होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो चालत आला आहे. त्यात चोवीस तास भजन अखंड चालते. ते एकाच गटाने गावे असा हट्ट कोणी धरीत नाही. पाळी बदलते, टाळ पुढच्या हातात जातात, आणि सूर तुटत नाही. रात्री तिसऱ्या प्रहरी गर्दी पांगलेली असते, त्या वेळीही कोणी तरी पाळीला बसलेला असतो, आणि पुढच्या गटातली पोरे मागे जागी असतात. ज्याने आवाज अजून कमावलेला नाही, त्यालाही झांज मिळते.

सरकारी शाळांतल्या नोकरीत आमच्या बदल्या पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आणि तेथून वास्कोपर्यंत झाल्या. शाळेचा संघ निवडला की फलकावर यादी लागते, आणि त्या यादीसमोर उभ्या राहिलेल्या मुलांचे चेहरे पाहणे हा आमच्या व्यवसायातला एक कठीण क्षण असतो. आंतरशालेय क्रिकेट असो की सुब्रतो चषकाचे फुटबॉल, दीडशे मुले असली तरी नावे पंधरा-सोळाच. पेडण्याच्या बाजूला कापणी झालेल्या शेतात पोरे पहिला पाऊस पडेपर्यंत खेळतात. त्यांच्यातला एखादा डावखुरा मुलगा चेंडूला असा काही वळसा देतो की पाहणारा थबकावा. त्याला पर्वरीच्या सरावास रोज जायचे तर दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की घरी पोचायचे कसे, हा त्याच्या आईचा प्रश्न असतो. निवड समितीच्या पुढे तो मुलगा कधी नापास होत नाही, कारण तिच्यापुढे तो कधी जातच नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या संघांना खालच्या वर्गांचे संघ जोडलेले असतात; मुलगा एकेक पायरी चढत वर येतो. आमच्याकडे पायरी म्हणजे शेवटची बस.

म्हणून वही बाळगणाऱ्या आमच्या मित्रांना एक सूचना करावीशी वाटते. नव्या नावाचे साल लिहिता, तसेच आणखी तीन रकाने आखावेत. तो कोणत्या गावातून आला, किती वर्षे वाट पाहून आला, आणि त्याला पहिल्यांदा कोणी पाहिले. दहा वर्षांनी हे रकाने वाचले म्हणजे कोणत्या गावातून पायरी आहे आणि कोणत्या गावातून नाही, हे आपोआप कळेल. पेडणे, सत्तरी, काणकोण यांची नावे त्या रकान्यात कितीदा येतात, ते मोजावे. येत नसतील तर संघाच्या निवडीवर रुष्ट होण्याआधी एखाद्या शनिवारी तिकडच्या शेतातला सामना पाहायला जावे, आणि चांगला खेळणाऱ्या मुलाचे नाव-गाव टिपून एखाद्या प्रशिक्षकाच्या कानावर घालावे. त्याला खर्च येतो तो बसभाड्याचा.

सरदेसाईंच्या नावाखालची जागा कधी भरेल, हे भाकीत करण्याची आमची योग्यता नाही. भारतीय संघाची यादी पुढेही वर्षाला तीन-साडेतीन नावांनीच वाढणार, आणि ते योग्यच आहे. शिवलकरांसारखे कोणी पुढेही दाराबाहेर राहतील, आणि आपण हळहळू. पण दोन बसगाड्यांच्या अंतरामुळे कोणी राहू नये, एवढे मात्र गावाच्या हातचे आहे. यंदाचा पाऊस ओसरला, पिके कापली गेली, की पेडण्याच्या शेतांत पुन्हा यष्ट्या रोवल्या जातील. ज्यांच्या खिशात वही आहे, त्यांनी ती तिकडे घेऊन जावी.